फारखती झाली, पण खाते मिटले का?

आमच्या पेढीवर एक जुना शब्द आहे, फारखती. वालिदसाहेबांच्या काळात एखाद्या खर्चीवाल्याने उचल घेतलेली शेवटची रक्कम फेडली की दिवाणजी कागदावर फारखती लिहून देत. देणे संपले, घेणे संपले, उद्या कोणी कोणाच्या दारात उभे राहणार नाही, एवढा त्याचा अर्थ. मी उर्दू शाळेत शिकलो. तेथे मौलवीसाहेबांनी या शब्दाची फोड करून सांगितली होती. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद. मोकळे केल्याचा कागद. पुढे बाजारात मराठी बोलू लागलो तेव्हा कळले की नवरा-बायको वेगळे झाले तरी मराठीत 'फारकत झाली' असेच म्हणतात. एकाच शब्दात हिसाब मिटणे आणि संसार मिटणे, दोन्ही आले. जुन्या माणसांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आपण मात्र त्या वेगळ्या करून टाकल्या. तलाक झाला, मेहर दिला, भांडीकुंडी परत गेली, इद्दत सरली की आपल्या लेखी विषय संपतो. बँकेच्या, जीएसटी खात्याच्या आणि महावितरणच्या लेखी तो संपलेला नसतो. त्यांना तलाक झाल्याचे कोणी कळवलेलेच नसते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या सख्ख्या भाचीवर हे गुजरले आहे आणि त्यात माझा स्वतःचा कसूर आहे.

भाचीचा निकाह इचलकरंजीतच झाला. सासर खर्चीवाले, घरात सोळा साधे माग. सूत व्यापाऱ्याचे, मजुरी पिकावर. २०१२ साली जावयाने स्वतःचे सूत घेऊन कापड विणायचे ठरवले. त्यासाठी बँकेकडून कॅश क्रेडिट हवे होते. एकट्याच्या नावावर मर्यादा कमी मिळत होती. मीच सल्ला दिला की मुलीला भागीदार करा, दोघांची फर्म दाखवा, काम होईल. आपापाशी, म्हणजे माझ्या बहिणीपाशी, मीच शब्द टाकला. फॉर्म इंग्रजीत होता. भाची दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली. तिने माझ्याकडे पाहिले, मी म्हणालो, "कर बेटा सही, मी आहे." तिने चौदा-पंधरा ठिकाणी सह्या केल्या. आठ लाखांची मर्यादा मंजूर झाली. त्या दिवशी मिठाई वाटली होती, हे मला चांगले आठवते.

पुढे दोघांचे पटले नाही. कारणे घरातली आहेत, ती येथे सांगण्यात हशील नाही. २०१८ च्या सुरुवातीला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मुबारात ठरवला, म्हणजे दोघांच्या राजीखुशीने अलग होणे. मी मुलीकडून बसलो होतो. रात्री साडेअकरापर्यंत बैठक चालली. मेहरचे पंचवीस हजार रोख आणि चार तोळे सोने, इद्दतीचा खर्च, कपाट, पलंग, शिलाई मशीन, तांब्या-पितळेची भांडी, सगळ्याची यादी झाली. एका डेगचीवरून पंधरा मिनिटे वाद झाला, ती कोणाच्या खालाने दिली होती म्हणून. शंभराच्या मुद्रांकावर कागद झाला. त्यात शेवटी लिहिले की यापुढे दोघांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही. मी साक्षीदार म्हणून सही केली. फर्मचे नाव त्या कागदात कोठेही नव्हते. आठ लाखांच्या खात्याचाही उल्लेख नव्हता. तेथे बसलेल्या नऊ माणसांपैकी सहा जण व्यापारी होते. डेगचीची चौकशी सर्वांनी केली, बँकेचे पासबुक कोणीही मागितले नाही, आणि मागायला हवे होते ते सर्वांत आधी मी.

२०२१ च्या पावसाळ्यात आपाच्या घरी नोटीस आली. नोटाबंदी, जीएसटी, मग लॉकडाऊन, या तिन्हींत लहान यंत्रमागवाल्याचे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. जावयाचे खाते थकले होते. तो एकटाच त्या फर्मच्या नावाने व्यवहार करत राहिला होता, कारण खाते 'दोघांपैकी कोणीही' या अटीवर होते. व्याजासह नऊ लाख साठ हजार येणे निघत होते. भागीदार म्हणून भाचीचे नाव पहिले होते. ती तोपर्यंत घरी ब्लाऊज-पंजाबी शिवून दोन मुलांसह उभी राहत होती. मोठ्या मशीनसाठी कर्ज मागायला गेली तेव्हाच तिला नाही म्हणून सांगण्यात आले होते, का ते तिला कळले नव्हते. नोटीस आल्यावर कळले.

कायद्याचे गणित

वकीलसाहेबांकडे गेलो. माझी समजूत होती की तलाकचा कागद दाखवला की बँक मुलीला मोकळी करील. वकीलसाहेबांनी १९३२ चा भागीदारी कायदा उघडून दाखवला. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्र आणि वेगवेगळा, दोन्ही तऱ्हेने जबाबदार असतो. बँकेने नऊ लाख एकट्या भाचीकडून मागितले तरी ते कायद्यात बसते. भागीदार निघून गेला किंवा फर्म मोडली, एवढ्याने बाहेरच्या माणसाशी असलेली जबाबदारी थांबत नाही. त्याची जाहीर नोटीस द्यावी लागते. नोंदणी झालेल्या फर्मच्या बाबतीत ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात. ती दिली नाही तर उरलेल्या भागीदाराने पुढे केलेले व्यवहारही जुन्याच्या अंगावर येतात. आणि आधीचे देणे तर नोटीस देऊनही सुटत नाही. त्यासाठी बँकेने लेखी कबूल करावे लागते की या भागीदाराला आम्ही मोकळे केले.

जामीनदाराची गोष्टही अशीच आहे. आपल्याकडे बायको भागीदार नसली तरी जामीनदार हमखास असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराला धरावे आणि मग जामीनदाराकडे यावे, असा क्रम कायद्यात नाही. मात्र कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याचा जामीन असेल तर जामीनदार बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता आपला जामीन मागे घेऊ शकतो. त्या दिवशी जी बाकी असेल तेवढीच मग त्याच्या माथी राहते. आमच्या भाचीचे नाव भागीदार म्हणूनही होते आणि जामीनदार म्हणूनही. २०१८ साली एक पानाचे पत्र बँकेत दिले असते आणि फर्म मोडल्याची नोटीस छापली असती तर तीन वर्षांचा वाढावा तिच्यावर आला नसता. त्या दिवशी खात्यात बाकी अवघी दोन लाखांच्या आसपास होती, हे मी नंतर उताऱ्यावरून पाहिले.

जीएसटीचे कलम तर मला ठाऊकच नव्हते. मी दर महिन्याला विवरणपत्र भरणारा माणूस. त्या कायद्यात भागीदार बाहेर पडल्याची खबर खात्याला एका महिन्याच्या आत लेखी द्यावी लागते. दिली नाही तर खबर पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी त्याच्यावर चालूच राहते. आमच्या गावात किती फर्मांमध्ये बायको भागीदार आहे याचा विचार करून पाहा.

आपणच बांधलेल्या गाठी

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. शरीअतमध्ये नवरा-बायकोची मालमत्ता निकाहने एक होत नाही. तिचे ते तिचे, त्याचे ते त्याचे. तिने माहेरून आणलेले, मेहर म्हणून मिळालेले, स्वतः कमावलेले, सर्व तिच्या मालकीचे. काही देशांत लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची धरून तलाकच्या वेळी वाटतात, तसे आपल्याकडे नाही. म्हणजे खरे पाहता आपल्याकडे सोडवण्यासारखी गाठच नसायला हवी. ही गाठ आपण बांधली. बँकेची मर्यादा वाढावी, आयकर कमी बसावा, महिला उद्योजक म्हणून अनुदान मिळावे, घर घेताना मुद्रांकात सवलत मिळावी (महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावाने घर घेतल्यास एक टक्का कमी लागतो), यासाठी आपण बायकोचे नाव लावतो. त्यात गैर काही नाही. पण जी गाठ काझीसाहेबांनी बांधली ती काझीसाहेबांसमोर सुटते. बँकेत, रजिस्ट्रारकडे, सोसायटीत आणि वीज कचेरीत बांधलेली गाठ तेथे जाऊनच सोडवावी लागते. भाचीच्या बैठकीत हे एक वाक्य कोणी बोलले असते तर पुरे होते.

आणि फटका फक्त बाईलाच बसतो असे नाही. माझ्या ओळखीच्या एका टॉवेलवाल्याने गोदामाचा गाळा बायकोच्या नावे घेतला होता. तलाक झाला, गाळा तो वापरत राहिला. चार वर्षांनी विकायची वेळ आली तेव्हा तिची सही लागणार हे त्याच्या ध्यानात आले. तो म्हणे, पैसा माझा, नाव फक्त तिचे. बेनामी कायद्यात, २०१६ च्या दुरुस्तीनंतरही, माहीत असलेल्या उत्पन्नातून बायकोच्या नावे मालमत्ता घेण्यास मुभा आहे. पण ती आपली आहे असे नंतर म्हणायचे तर पैसा कोठून आला, हेतू काय होता, हे सर्व सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर. समोरून तिने म्हटले की हे मला हिबा दिले होते, तर हनफी मताप्रमाणे नवरा-बायकोने एकमेकांना दिलेला हिबा परत घेता येत नाही. शेवटी तिला विक्रीतला तिसरा हिस्सा देऊन त्याने सही घेतली. तो मला म्हणाला, "लुटले." मी म्हणालो, "चार वर्षे तिच्या मालकीच्या जागेत भाडे न देता माल ठेवलास, ते कोणत्या खात्यात धरायचे?" त्यावर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. असो.

बाईचा हक्क आधी

ताळेबंद करताना आधी देणेकरी मोजतात. तलाकमध्ये पहिली देणेकरी बाई असते. मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज आहे, बक्षीस नव्हे. तो मेला तरी वारसांच्या वाटणीआधी ते फेडावे लागते. कुरआन शरीफमध्ये देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि बायकोला सोन्याची रास दिली असली तरी त्यातले परत घेऊ नका असे सूरह निसाच्या २० व्या आयतीत बजावले आहे. तरीही मेहर माफ करून घेण्याचा रिवाज आपल्यात आहे, आणि बाई खुला मागू लागली की 'सगळे सोड, मग सोडतो' ही भाषा चालते. यावर मौलवीसाहेबांनी बोलावे, मी व्यापारी आहे. मला एवढेच दिसते की दबावाने घेतलेली सूट बाजारातही फार दिवस टिकत नाही.

कोर्टातही ती टिकत नाही. मुंबईतला एक जुना खटला वकीलसाहेबांनी सांगितला. १९६२ साली तडजोडीत पाच हजार रुपये मेहर आणि एकशेऐंशी रुपये इद्दत देऊन, बाईचा आता काहीही दावा नाही असे लिहून घेतले होते. सुप्रीम कोर्टाने सांगितले की बाईच्या गुजराणीला पुरेल अशी वाजवी रक्कम नसेल तर असा कागद नवऱ्याला वाचवत नाही. त्यानंतर १९८५ चा शाहबानो निकाल झाला, त्यावर देशभर वादळ उठले आणि १९८६ चा कायदा आला. त्या कायद्यात इद्दतीच्या मुदतीत बाईला 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' आणि पोटगी, तसेच मेहर आणि लग्नाच्या आधी, लग्नात व नंतर मिळालेल्या सर्व वस्तू देण्याचे लिहिले आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी याचा अर्थ तीन महिन्यांचा शिधा असा घेतला. २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने खुलासा केला की रक्कम इद्दतीच्या आत द्यायची, पण ती पुढच्या आयुष्याची सोय होईल अशी असली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटले की बाईने नंतर दुसरा निकाह केला म्हणून ही रक्कम बुडत नाही. आणि १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की तलाकशुदा मुस्लिम महिलेला फौजदारी संहितेतील दरमहाच्या पोटगीचा मार्गही खुला आहे. त्याच जुलैपासून ते कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गेले आहे.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर याचा अर्थ सरळ आहे. एकरकमी तोडगा ज्याला हवा आहे त्याने रक्कम खरी ठेवावी. माणसाची मिळकत काय, किती वर्षे संसार झाला, तिला राहायला जागा आहे का, तिच्या हाताला काम आहे का, हे धरून आकडा काढावा. धनादेशाने द्यावा आणि पावती घ्यावी. हातउसने दिल्यासारखी नोटांची गड्डी बैठकीत ठेवू नये. खोटा आकडा लिहिला तर ते खाते बंद होत नाही, पुढच्या वर्षाच्या वहीत ओढले जाते.

रक्कम काढताना एक बाब कोणीच धरत नाही, ती म्हणजे तिची मजुरी. आमच्या भागात घरच्या मागांवर कांडी भरायचे काम बहुधा घरातल्या बायकाच करतात. भाचीने सहा वर्षे सकाळी फजरपासून कांड्या भरल्या, माणूस नसेल तेव्हा माग चालवला. वहीत बाहेरच्या कांडीवाल्याची मजुरी शनिवारच्या शनिवार पडत होती, तिची कधी पडली नाही. शिवाय ती कागदोपत्री भागीदार होती. भागीदारी कायद्यात असे आहे की बाहेर पडलेल्या भागीदाराचा हिशेब न करता त्याच्या पैशावर धंदा चालू ठेवला, तर त्याला त्या पैशावर मिळालेल्या नफ्यातला वाटा किंवा सालाना सहा टक्के व्याज, यांपैकी हवे ते मागता येते. जबाबदारीपुरती ती भागीदार निघाली, नफ्याच्या वेळी कोणी तिला भागीदार मानले नव्हते. हे बोलून दाखवले तेव्हा जावयाने मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही.

इद्दतीचे दिवस

इद्दत साधारण तीन महिन्यांची असते, बाई गरोदर असल्यास बाळंतपणापर्यंत. आपल्या बाजारात नव्वद दिवसांची उधारी हा ओळखीचा हिशेब आहे. तेवढ्यात कागद पुरे करता येतात, मात्र काही कागद त्याच्याही आधी व्हायला हवेत. घर दोघांच्या नावे असेल आणि एकाने दुसऱ्याला द्यायचे ठरले असेल तर बक्षीसपत्र ती दोघे नवरा-बायको असतानाच करावे. महाराष्ट्रात राहत्या घराच्या नवरा-बायकोमधील बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक फक्त दोनशे रुपये लागतो, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. नाते तुटल्यावर तेच घर परक्याला दिल्यासारखे होते आणि पूर्ण मुद्रांक बसतो. मुबारातमध्ये निकाह लगेच संपतो, म्हणून तेथे आधी रजिस्ट्री, मग मुबारात. तोंडी हिबा शरीअतला चालतो, कबजा दिला की पुरा होतो, पण सोसायटीच्या दाखल्यावर आणि बँकेत तोंडी काही चालत नाही. मेहरच्या बदल्यात जागा लिहून द्यायची असेल तर तेही नोंदणी करूनच.

फर्म दोघांचीच असेल तर एक निघाल्यावर फर्म उरत नाही. एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. पॅन नवा, जीएसटी नोंदणी नवी, आणि शिल्लक मालावरील कराची वजावट आयटीसी-०२ या अर्जाने नव्या नोंदणीवर न्यावी लागते. यात ढिलाई झाली तर ती वजावट अडकते. चार्टर्ड अकाउंटंटला मुबारातच्या बैठकीआधी विचारावे, नंतर नव्हे. आपल्याला लाज वाटते की घरातली गोष्ट त्याला कशी सांगायची. त्याने अशी प्रकरणे आपल्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात.

बँकेच्या संयुक्त खात्याला आणि लॉकरला 'दोघांपैकी कोणीही' ही अट असेल तर एका पत्राने ती 'दोघांनी मिळून' अशी करून घ्यावी, म्हणजे कोणी रातोरात रिकामे करणार नाही. मग निवांतपणे बंद करावे. मागाचे मीटर ज्याच्या नावे आहे त्याच्यावर थकबाकी चढते आणि अनामतही त्याचीच असते, तेव्हा नाव बदलून घ्यावे. जीएसटीचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर कोणाचा आहे हेही पाहावे. हसू नका, एका माणसाचे तीन महिन्यांचे विवरणपत्र याच कारणाने अडले होते, कारण ती फोन उचलत नव्हती.

विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर, मुदतठेव यांवरील नामनिर्देशनाचे फॉर्म तलाक झाला म्हणून आपोआप बदलतील या भरवशावर राहू नये. नाव जुनेच राहिले तर माणूस गेल्यावर दुसरी बायको, आई आणि पहिली बायको अशा तिघी एका खिडकीसमोर उभ्या राहतात. विम्यात तर २०१५ च्या दुरुस्तीपासून नवरा-बायको, आई-बाप किंवा मुले यांना नेमले असेल तर रक्कम त्यांचीच मानली जाते. अर्धा तासाचे काम आहे.

मुलांचे मात्र काही मिटवायचे नसते. त्यांचा खर्च बापाकडेच राहतो आणि मुबारातच्या कागदात काहीही लिहिले तरी त्यांचा हक्क आई-बापाला सोडून देता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे खाते उघडून दरमहा त्यात पैसे टाकणे दोघांच्याही सोयीचे आहे. दोघांना एकमेकांकडे हात पसरावा लागत नाही.

हे सर्व करायचे तर तलाकचा पुरावा हातात हवा. एका दमातला तीन तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ साली रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. तेव्हापासून मला असे दिसते की काही घरांत लोक वेगळे होतात पण भीतीपोटी कागदच करत नाहीत. ती माहेरी, तो इथे, आणि कर्ज, फर्म, मीटर सर्व जसेच्या तसे. राजीखुशीचा मुबारात किंवा खुला लेखी करून त्यावर कौटुंबिक न्यायालयाची घोषणा घेण्यास कोणी अडवलेले नाही. बँकेला तो कागद समजतो.

भाचीचे काय झाले ते सांगतो. बँकेशी बोलून साडेसहा लाखांत एकरकमी तडजोड झाली. जावयाने आठ माग भंगारात विकून आणि भावाकडून उसने घेऊन साडेतीन लाख भरले. पावणेदोन लाख भाचीने मेहरचे चार तोळे मोडून भरले. उरलेले सव्वा लाख मी घातले. म्हणजे मेहर म्हणून जे तिला मिळाले ते तीन वर्षांनी त्याच्याच कर्जात गेले. कर्ज मिटल्याचा दाखला मिळाला, पण तिच्या पत नोंदीत खाते 'बंद' नव्हे, 'तडजोडीने मिटवले' असे आले. त्यामुळे तिला पुढेही कर्ज मिळेना. मोठी मशीन तिने नंतर हप्त्याहप्त्याने रोख घेतली. बिल एकट्या तिच्या नावाचे आहे. फर्म मोडल्याची जाहीर नोटीसही तेव्हाच दिली, साडेतीन वर्षे उशिरा.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका घरच्या बैठकीत मला बोलावले होते. यावेळी मी मुलाकडून बसलो होतो. चहा येण्याआधीच मी मुलाच्या वडिलांना फर्मचे कागद, बँकेचा उतारा आणि मीटरचे बिल मागितले. ते चिडले. म्हणाले, "साहेब, तुम्ही आमच्याकडून आहात की त्यांच्याकडून?" भांड्यांची यादी लगेच तयार झाली, उतारा मात्र आला नाही. मी सही केली नाही. बैठक जुम्म्याच्या नमाजनंतर पुन्हा आहे आणि मुलीच्या मामूंनी यावेळी आपल्या बरोबर चार्टर्ड अकाउंटंटला आणायचे कबूल केले आहे.